डिशले येथील गोपालक : रॉबर्ट बेकवेल

इंग्लंडांतील लेस्टरशायर परगण्यांत डिशले येथें इ. स. १७२५ सालीं रॉबर्ट बेकवेल यांचा जन्म झाला. त्यांचे वडील खंडानें शेती करीत. १७६० सालीं वडील वारल्यावर सुमारें ४४० एकरांची ती शेती रॉबर्ट यांच्या हातीं आली.

त्या काळीं नर व मादी जनावरें एकाच कुरणांत मोकळीं चरत. त्यामुळें पैदास दैवाधीन असे. बेकवेल यांनीं तीं वेगळीं ठेविलीं आणि थोड्या चाऱ्यावर लवकर भरणारीं, बारीक हाडांचीं जनावरें तेवढीं वंशासाठीं निवडिलीं. हे गुण स्थिर व्हावे म्हणून त्यांनीं बाप-लेक, भाऊ-बहीण अशा अगदीं जवळच्या नात्यांतहि संयोग घडविले. त्यांचीं लांबशिंगी गुरें व न्यू लेस्टर मेंढ्या यांची कीर्ति दूरवर पसरली. १७७६ सालीं त्यांचें दिवाळें निघालें. तरी हातचें कार्य त्यांनीं सोडिलें नाहीं. १ ऑक्टोबर १७९५ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

परंतु जवळच्या रक्ताचा संयोग गुणांप्रमाणेंच वंशांत दडलेले दोषहि प्रकट करितो. वासरांची वाढ खुंटते व प्रजननशक्ति क्षीण होते. बेकवेल यांच्या गुरांत मांस व चरबी वाढली, पण दूध आणि वीण कमी झाली. अखेर त्यांच्याच पद्धतीनें चार्लस कॉलिंग यांनीं सुधारलेल्या आखूडशिंगी गुरांनीं त्यांची जागा घेतली.

विद्यार्थिमित्रहो, गुरें गेलीं, पण पद्धति उरली. निवड करणें हें सामर्थ्य आहे. मात्र एकाच गुणाच्या मागें लागून इतर गुण गमाविणें हा त्या सामर्थ्याचा अतिरेक होय.