मीठखात्यातील निसर्गोपासक : एडवर्ड हॅमिल्टन एटकिन

मुलुंड-भांडुपकडील मिठागरे आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहेत. जकात व मीठ खात्यातील एक अंमलदार कीटक व पक्षी यांचा मोठा जाणकार म्हणून नावाजला, हे मात्र थोड्यांसच ठाऊक असेल. त्याचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने देत आहो.

एडवर्ड हॅमिल्टन एटकिन यांचा जन्म १८५१ साली सातारा येथे झाला. वडील स्कॉटिश मिशनरी. आरंभीचे शिक्षण त्यांनीच मुलास दिले. मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवून एटकिन यांनी काही वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकविले, व १८७६ मध्ये ते सरकारी नोकरीत शिरले. खारघोडा, उरण, कारवार अशा ठिकाणी त्यांच्या बदल्या झाल्या. बदलीचे गाव म्हणजे वनवास, असे रडगाणे त्यांनी गाइले नाही. जेथे गेले तेथे अंगणातील मुंगीपासून रानातील पाखरापर्यंत सर्वांशी त्यांनी ओळख केली. १८८३ साली आठ गृहस्थांनी मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली. डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे आपले देशबांधव त्यांत होते; पहिले चिटणीस एटकिन झाले.

कारवारकडे डेव्हिडसन व बेल या स्नेह्यांसह त्यांनी फुलपाखरांच्या अळ्या पाळल्या, आणि कोणती अळी कोणता पाला खाते, रंगरूप कसे पालटते, हे बारकाईने नोंदले. हा चमत्कार पाहण्यास दूर जावयास नको. परसातील कढीनिंबावर काळ्या फुलपाखराची अळी बाल्यावस्थेत पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते; मोठी होताच ती पानासारखी हिरवी होते; डिवचल्यास तांबडे शिंग उभारून उग्र वास सोडते. याच जातीच्या काही माद्या एका विषारी फुलपाखराचे रूप धारण करून त्याच्याच संथ चालीने उडतात. दुसरे एक फुलपाखरू उडताना निळे झळकते, पण पंख मिटताच वाळके पान होते. पाठलाग करणारा पक्षी फसतो.

मग ही लबाडी नव्हे काय, असे कोणी विचारील. आम्हांस तसे वाटत नाही. अळीस कपट ठाऊक नाही. ज्या कमी दडल्या त्या वेचल्या गेल्या. ज्या अधिक दडल्या त्या वाचल्या व त्यांची संतती वाढली. असंख्य पिढ्यांच्या मरणाने हा वेष विणला गेला आहे. मनुष्याचे तसे नाही. त्यास खोटा वेष घ्यावा की न घ्यावा, हे ठरविता येते, म्हणूनच त्यास जाबही द्यावा लागतो.

एटकिन १९०६ मध्ये निवृत्त झाले व १९०९ साली एडिंबरो येथे वारले. त्यांनी रोजचे काम चोख बजावून उरल्या वेळात हा व्यासंग केला. कढीनिंबाची पाने कुरतडलेली दिसताच औषध फवारू पाहणाऱ्या पालकांस आमची विनंती आहे की, एक अळी मुलांसाठी राखावी. पाला घालून ती पाळावी. थोड्याच आठवड्यांत कोशातून काय बाहेर येते, ते मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.