दान्तेचा ‘म्हणून’

दान्तेची ‘डिव्हाइन कॉमेडी’ मी इंग्रजी भाषांतरात वाचत होतो, शेजारी मूळ इटालियन उघडे ठेवून. इटालियन मला जेमतेम येते. एके ठिकाणी ‘पेरो’ आला. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’, एवढे ठाऊक होते. पण तसे वाचले की वाक्य उलटेच होई. दोनदा मागे जाऊन वाचले. शेवटी सरांनी उलगडा केला. दान्तेच्या काळी ‘पेरो’चा अर्थ होता ‘म्हणून’!

लॅटिनमधल्या ‘यामुळे’ अशा अर्थाच्या शब्दांपासून तो आला. मग त्याचा ‘पण’ कसा झाला? आपण म्हणतो, पाऊस आला म्हणून काही सामना थांबला नाही. इथे ‘म्हणून काही’ काढून ‘तरी’ घातले तर काय बिघडते? नकाराच्या सोबतीने ‘पेरो’ही असाच फिरला. उभयान्वयी अव्यय पुढचे वळण आधी सांगते. ते चुकीचे वाचले की वाचकाला परत फिरावे लागते.

परत फिरणे दान्तेच्या नशिबी मात्र नव्हते. फ्लॉरेन्समध्ये 1265 साली जन्म, लहानपणीच आईचा वियोग. 1290 साली बिआत्रीचे गेली, तेव्हा दुःखात तो तत्त्वज्ञानाकडे वळला. 1300 साली दोन महिने नगराच्या कारभाऱ्यांत होता. त्या पक्षीय राजकारणाच्या तपशिलात मी शिरत नाही, तो गुंता मलाही पुरता सुटलेला नाही. 1302 च्या जानेवारीत दंड व हद्दपारी, मार्चमध्ये सापडल्यास जिवंत जाळण्याची शिक्षा.

वणवण करीत असतानाच त्याने ‘कोन्व्हिव्हिओ’ लिहायला घेतला. अशी तत्त्वचर्चा लॅटिनमध्ये करायची रीत असताना त्याने मातृभाषा निवडली, कारण लॅटिन न जाणणारे उपाशी राहू नयेत. यमकांचे दागिने उतरल्यावर गद्यातच भाषेचे खरे बळ दिसते, असे त्याचे मत होते. मला वाटते, हे बळ ‘म्हणून’, ‘कारण’, ‘जरी’, ‘तरी’ यांतच असते. युक्तिवादाचे सांधे तेच. पंधरा भाग योजले होते, चारच झाले.

1315 साली फ्लॉरेन्सने परतीची वाट दाखवली, पण जाहीर मानहानी पत्करण्याच्या अटीवर. त्याने नकार दिला. 1321 च्या सप्टेंबरात तो रावेन्ना येथे वारला. कबर आजही तिथेच आहे. फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये त्याचे भव्य स्मारक आहे, आत काहीच नाही.