लूथर आणि त्याचे वडील

मार्टिन लूथर ह्याने पोपाशी केलेला झगडा आपल्या मंडळ्यांत सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याचा स्वतःच्या वडिलांशी वीस वर्षे राहिलेला दुरावा थोड्यांसच माहीत असेल.

वडिलांचे नाव हान्स. ते शेतकऱ्याच्या पोटी जन्मले व जर्मनीतील मान्सफेल्ड गावी तांब्याच्या खाणींच्या धंद्यात कष्ट करून पुढे भट्ट्या खंडाने चालवू लागले. शिस्त फार कडक. एकदा त्यांनी मार्टिनास इतके फटके मारले की, तो त्यांस टाळू लागला, आणि त्याचे मन पुन्हा वळविण्यास त्यांना पुष्कळ सायास पडले. तरी त्याच्या शिक्षणास त्यांनी पैसा कमी पडू दिला नाही. मुलाने वकील व्हावे, चांगल्या घरची सून आणावी, ही त्यांची आशा. १५०५ साली मार्टिन एर्फुर्ट येथे एम. ए. झाला, तेव्हा ते त्यास अरेतुरे सोडून अहोजाहो करू लागले.

त्याच वर्षी २ जुलैस वाटेत वादळ झाले व त्याच्या अगदी जवळ वीज कोसळली. भयभीत होऊन त्याने संत अन्नेस नवस केला की, वाचलो तर मठवासी होईन. आणि पंधरा दिवसांनी, वडिलांस न विचारता, तो मठात शिरला. वडिलांचे अहोजाहो तेथेच संपले. हा राग केवळ पैसा बुडाल्याचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल.

१५०७ च्या मे महिन्यात मार्टिनने पहिला मिस्सा केला. वडील वीस घोडेस्वारांसह आले व मठास २० गुल्डेन दिले. पंक्तीत मुलाने नाराजीचे कारण विचारताच ते विद्वानांच्या देखत म्हणाले की, आईबापांचा मान राखण्याची आज्ञा शास्त्रात नाही काय. आणि वादळातील ती हाक सैतानाची फसवणूक तर नव्हती ना? हा बोल मार्टिनच्या अंतःकरणात रुतून राहिला.

चौदा वर्षांनी, १५२१ साली, बादशहाने कायद्याबाहेर टाकलेला लूथर वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून होता. तेथे त्याने मठवासीयांच्या नवसांविषयी पुस्तक लिहून ते वडिलांस अर्पण केले. अर्पणपत्रात त्याने जगासमोर कबूल केले की, तुमचे बोलणे खरे होते. तुमची अवज्ञा करून घेतलेला माझा नवस देवाच्या आज्ञेविरुद्ध होता. परंतु मला त्यातून ख्रिस्तानेच सोडविले, म्हणून आता माझ्यावर तुमच्यापेक्षा त्याचा अधिकार वरचा आहे, हेही त्याने स्पष्ट लिहिले. पुष्कळ मुलगे समेटासाठी नुसती मान लववतात, पुष्कळ आपलाच मुद्दा धरून बसतात. लूथरने अपराध पदरी घेतला आणि सत्यही सोडले नाही; मला तरी हे पत्र त्याच्या मोठमोठ्या वादग्रंथांहून धैर्याचे वाटते.

१५२५ च्या जून महिन्यात त्याने काटारीना फोन बोरा हिच्याशी लग्न केले. नातवंडे पाहण्याची वडिलांची इच्छा हे त्याने स्वतः सांगितलेले एक कारण होते. मेजवानीस म्हातारा-म्हातारी आली. पुढील वर्षी मुलगा झाला, त्याचे नाव हान्स.

१५३० च्या आरंभी वडील आजारी पडले. जिवाच्या धोक्यामुळे लूथरास मान्सफेल्डला जाता येईना. म्हणून त्याने सांत्वनाचे लांब पत्र पाठविले. तेथील पाळकाने ते वाचून दाखविले व ह्यावर विश्वास आहे काय असे विचारले, तेव्हा, न ठेवीन तर मी लबाड ठरेन, अशा अर्थाचे उत्तर त्या खाणवाल्याने दिले. २९ मे रोजी ते वारले. लूथर त्या वेळी कोबुर्गच्या किल्ल्यात होता. ५ जूनला बातमीचे पत्र पोहोचताच तो स्तोत्रसंहिता घेऊन खोलीत गेला व इतका रडला की, दुसऱ्या दिवशी त्याचे डोके जड झाले होते. त्याच दिवशी त्याने मेलांख्थोन ह्यास लिहिले की, वडिलांच्या घामावर देवाने मला वाढविले. आता आमच्या घराण्यात वडीलधारा लूथर मीच राहिलो. तो तेव्हा ४६ वर्षांचा होता.