एक्सप्लेनर : ‘मिलिंद कॉलेज’मधला मिलिंद कोण? वादात हरूनही न चिडलेल्या ग्रीक राजाची गोष्ट

सोलापुरातून छत्रपती संभाजीनगरला शिकायला गेलेल्या कुणालाही विचारा, मिलिंद कॉलेज आणि नागसेनवन हे दोन शब्द लगेच निघतील. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये हे कॉलेज सुरू केलं. यातला मिलिंद म्हणजे एक ग्रीक राजा आणि नागसेन म्हणजे त्याला वादात हरवणारा भिक्खू. (संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगासुद्धा. त्यामुळे तुमच्या ओळखीच्या मिलिंदचं नाव नेमकं कशावरून ठेवलं, हे त्याच्या आईवडिलांनाच विचारा.)

ग्रीक राजा भारतात कसा?

अलेक्झांडर इ.स.पूर्व 326 मध्ये पंजाबपर्यंत आला आणि परतला. पण त्याच्यामागून आलेले ग्रीक आजच्या अफगाणिस्तानात स्थायिक झाले. त्यांच्याच पुढच्या पिढ्यांतला हा मेनांडर. पाली ग्रंथांत त्याचा मिलिंद झाला. त्याचा काळ साधारण इ.स.पूर्व 155 ते 130. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथानुसार त्याचा जन्म अलसंद म्हणजे अलेक्झांड्रिया भागातल्या कलसी गावात झाला. हे अलेक्झांड्रिया इजिप्तमधलं नाही, बहुधा काबूलजवळचं. राजधानी सागल, म्हणजे आजचं पाकिस्तानातलं सियालकोट.

त्याची नाणी पाहिली तर एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत. पदवी तीच, महाराज आणि त्राता. बहुतेक नाण्यांवर ग्रीक देवी अथेना आहे, काही थोड्यांवर आठ आऱ्यांचं चक्र. ते धम्मचक्र की राजसत्तेचं चिन्ह, यावर अभ्यासक अजून भांडतात.

सोलापूरशी काय संबंध?

थेट नाही, पण बाजाराचा आहे. इ.स. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये तगर या मोठ्या शहराचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. हे तगर म्हणजे आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, संत गोरा कुंभारांचं गाव. तेरहून साधं कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरावर जायचं. आणि त्याच भडोचमध्ये मेनांडरची जुनी नाणी तेव्हाही चलनात होती, असं हाच लेखक सांगतो. म्हणजे राजा जाऊन दोनशे वर्षं उलटली, तरी त्याचा पैसा चालत होता. तेरच्या एखाद्या गाडीवानाच्या कनवटीला अथेना लागली असेल, ही कल्पना फार ओढून-ताणून केलेली नाही.

तो वाद काय होता?

मेनांडरला वादाची खुमखुमी होती. ग्रंथ सांगतो, त्याच्या प्रश्नांना कंटाळून 12 वर्षं सागलमध्ये एकही भिक्खू राहिला नव्हता. मग नागसेन आले. राजा 500 ग्रीकांना घेऊन भेटायला गेला.

नागसेनांनी एक अट घातली. वाद पंडितासारखा करणार असाल तरच बोलू, राजासारखा नाही. पंडिताला चूक दाखवली की तो मान्य करतो, रागावत नाही. राजा मात्र विरोधात बोलणाऱ्याला शिक्षा करतो. मेनांडरने अट मानली. माझ्या मते अख्ख्या ग्रंथातली मोठी घटना हीच. ज्याच्या हाती सैन्य आहे, त्याने हे मान्य करणं सोपं नव्हतं.

नागसेन म्हणाले, नागसेन हे फक्त नाव आहे, आत कुणी कायमचा माणूस नाही. राजाने लगेच पकडलं. मग दान कोण घेतं, पाप कोण करतं? नागसेनांनी राजाच्या रथाकडे बोट दाखवलं. आस म्हणजे रथ का? चाकं? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. शेवटी त्यालाच म्हणावं लागलं, हे सगळं जोडल्यावर आपण त्याला रथ म्हणतो. इंजिनिअरिंगला असेम्ब्ली ड्रॉइंग काढलेल्यांना हे पटकन कळेल. पार्ट लिस्टमध्ये आस असते, चाक असतं, ‘रथ’ नावाचा पार्ट नसतो. राजा खूश झाला आणि पुढचे प्रश्न विचारत राहिला.

शेवट कसा झाला?

दोन हकिकती आहेत. पाली ग्रंथानुसार त्याने राज्य मुलाकडे सोपवलं आणि भिक्खू झाला. ग्रीक लेखक प्लुटार्कनुसार तो छावणीत वारला. न्यायी राजा म्हणून त्याच्या अस्थींसाठी शहरं भांडली, मग राख वाटून घेऊन प्रत्येकाने स्मारक बांधलं.

नाणी प्लुटार्कच्या बाजूला झुकतात, असं मला वाटतं. नंतरच्या नाण्यांवर अगाथोक्लिया ही राणी आणि स्ट्रॅटो अशी दोघांची नावं आहेत. ती मेनांडरची विधवा आणि स्ट्रॅटो त्यांचा लहान मुलगा, असं अनेक अभ्यासक मानतात. राज्य सोपवण्याइतका मुलगा मोठा असता, तर नाण्यावर आईचं नाव कशाला आलं असतं?