दोन भाच्यांचा मामा : कोलोनचा ब्रूनो



भाऊबीज संपते आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या घरी भांडणे पुन्हा सुरू होतात. गाडीत पुढे कोण बसणार, संगणक आधी कोणाला मिळणार! आम्ही आईबाप निवाडा करतो, पण तो दोघांनाही पटत नाही. म्हणून या अंकात आम्ही आपल्या कोलोनच्याच एका माणसाची गोष्ट सांगणार आहोत. भावंडांची भांडणे मिटवता मिटवताच त्याचे आयुष्य संपले.

ब्रूनोचा जन्म ९२५ साली झाला. राजा पहिला हाइनरिख आणि राणी माथिल्डे यांचे हे शेंडेफळ. चार वर्षांचा असतानाच त्याला शिकायला उट्रेख्टच्या बिशपांकडे पाठवले. पुस्तकांचे त्याला फार वेड होते.

९३६ साली वडील वारले आणि थोरला ऑटो राजा झाला. मधला भाऊ हाइनरिख याला ते सहन होईना. ऑटो जन्मला तेव्हा वडील राजे नव्हते, आपण मात्र राजाच्या पोटी जन्मलो, असे त्याचे म्हणणे. आईचा ओढाही त्याच्याकडेच होता, असे जुने इतिहासकार लिहितात. आपल्याकडे यालाच भाऊबंदकी म्हणतात. ९३९ साली हाइनरिखने बंड केले. त्याला साथ देणारा त्यांचा मेहुणा, म्हणजे बहीण गेरबेर्गाचा नवरा, आंडरनाखजवळ ऱ्हाइन नदीत बुडून मेला. ९४१ साली तर ईस्टरच्या सणातच ऑटोला मारण्याचा कट उघडकीस आला.

त्याच वर्षी नाताळात हाइनरिख भावाला शरण आला आणि ऑटोने त्याला क्षमा केली. पुढे त्याला बव्हेरियाचा कारभारही दिला. त्यानंतर हाइनरिखने भावाविरुद्ध कधी शस्त्र उचलले नाही. नुसत्या माफीने हे झाले नसते, असे आम्हांला वाटते. त्याला स्वतःचे काम आणि मान मिळाला, म्हणून समेट टिकला.

ब्रूनो हे सारे जवळून पाहत होता. ९५३ साली तो कोलोनचा आर्चबिशप झाला. त्याच वर्षी ऑटोच्या स्वतःच्या मुलाने बंड केले, तेव्हा लोथरिंगियाचा कारभारही ऑटोने ब्रूनोवरच सोपवला. ब्रूनो काही नुसता साधू नव्हता. वेळ आली तेव्हा त्याने सैन्यही नेले.

पण त्याचे खरे काम बहिणींसाठी झाले. गेरबेर्गाने पुन्हा लग्न केले ते फ्रान्सच्या राजाशी. धाकटी हाडविग त्याच राजाच्या प्रतिस्पर्धी सरदाराला दिलेली. ९५४ आणि ९५६ साली दोघी विधवा झाल्या. गेरबेर्गाचा मुलगा लोथार कोवळ्या वयात राजा झाला आणि हाडविगचा मुलगा ह्यू कापे त्याचा मोठा सरदार. वडिलांचे वैर मुलांकडे आले. दोघांचा मामा एकच, ब्रूनो! त्याने एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला चिरडले नाही. लोथारचे राज्य सांभाळले आणि ह्यूला त्याच्या वडिलांचा वारसाही मिळवून दिला.

९६५ साली फिंग्स्टनच्या सणाला हे सारे कुटुंब कोलोनमध्ये जमले. आता सम्राट झालेला ऑटो, वृद्ध आई माथिल्डे, गेरबेर्गा आणि लोथार आले होते. हाइनरिख मात्र दहा वर्षांपूर्वीच वारला होता. पुढे काही महिन्यांतच भाच्यांमध्ये पुन्हा बिनसले. समेट करायला गेलेला ब्रूनो वाटेत आजारी पडला आणि ११ ऑक्टोबर ९६५ रोजी फ्रान्समधील रान्स येथे वारला. वय अवघे चाळीस.

त्याला कोलोनला आणून त्यानेच स्थापन केलेल्या सांक्ट पांटालेऑनच्या मठात पुरले. तिथल्या चर्चच्या तळघरात त्याची समाधी आहे. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जरूर जा.

आम्हीही आता निवाडा करण्याआधी एक प्रश्न विचारतो : ज्याला नाही म्हणायचे, त्याच्या वाट्याला काय? भांडणे थांबली नाहीत, पण रुसवे लवकर निघतात.

— आपल्या वर्गातील एक पालक-दांपत्य