मौलाना आझादांचे अपुरे भाष्य

दरवर्षी ११ नोव्हेंबरला अनेक शाळा-महाविद्यालयांतून मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या तसबिरीला हार घातला जातो. २००८ पासून हा दिवस राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळण्यात येतो. स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री, काँग्रेसचे दोनदा अध्यक्ष, राष्ट्रीय वृत्तीचे मुसलमान पुढारी, एवढी माहिती त्या दिवशीच्या भाषणांतून सांगितली जाते. ज्या ग्रंथाला आझादांनी आपल्या आयुष्याची सर्वांत मोलाची वर्षे दिली, त्याचा उल्लेख मात्र सहसा होत नाही. तो ग्रंथ म्हणजे 'तर्जुमान-उल-कुराण' हे कुराणाचे उर्दू भाषांतर आणि भाष्य. ते अपुरे राहिले. आझाद राजकारणी म्हणून स्मरणात राहिले आणि धर्मचिंतक म्हणून विसरले गेले. धर्म आणि धर्माचा आचार यांचे नाते काय, हा प्रश्न आजही न्यायालयांपासून घराच्या उंबऱ्यापर्यंत उभा असताना ही विस्मृती परवडणारी नाही.

ज्या नावाने आपण त्यांना ओळखतो, त्यातील एकही शब्द जन्माने मिळालेला नव्हता. मौलाना ही विद्वानांची पदवी. अबुल कलाम म्हणजे वाणीचा धनी, हेही बिरुदच. आणि आझाद हे त्यांनी स्वतः घेतलेले टोपणनाव. मूळ नाव मुहियुद्दीन अहमद. जन्म १८८८ मध्ये मक्केत झाला. वडील मौलाना खैरुद्दीन हे मोठा शिष्यपरिवार असलेले पीर होते. आई मदिनेच्या विद्वान घराण्यातील. मुलाच्या लहानपणीच हे कुटुंब कलकत्त्यास येऊन राहिले. नव्या पद्धतीच्या शाळेत गेल्याने धर्मश्रद्धा नासते, असे वडिलांचे ठाम मत असल्यामुळे शिक्षण घरीच झाले. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महल घराण्यात आकारास आलेला 'दर्स-ए-निजामी' हा अभ्यासक्रम, म्हणजे अरबी व्याकरण, तर्कशास्त्र, धर्मशास्त्र आणि जुने तत्त्वज्ञान, त्यांनी वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास पुरा केला. बहुतेक विद्यार्थ्यांना त्यासाठी यापेक्षा कितीतरी अधिक वर्षे लागत. पुढे याच अभ्यासक्रमाच्या कालबाह्यतेवर आझादांनी कठोर टीका केली, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कारण ती टीका बाहेरच्याची नव्हती.

याच वयात सर सय्यद अहमद खान यांचे लेखन त्यांच्या हाती पडले आणि घरातील बंदिस्त जगाला तडा गेला. इंग्रजी ते चोरून, शब्दकोशाच्या आधाराने शिकले. बायबलची इंग्रजी, फारसी आणि उर्दू भाषांतरे शेजारी ठेवून ताडून पाहणे, ही त्यांची शिकण्याची रीत होती. वाचन वाढले तसा संशय वाढला. धर्म जर एकच सत्य सांगतात तर त्यांच्यात भांडण का, आणि एकाच धर्मातले पंथ एकमेकांना पाखंडी का ठरवतात, या प्रश्नांनी त्यांना काही काळ पार अश्रद्धेच्या टोकापर्यंत नेले. तेथून ते श्रद्धेकडे परतले. पण ही श्रद्धा वारशाने आलेली नव्हती, शोधून मिळवलेली होती. आझाद हे नाव त्या सुटकेची खूण आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर पीराची गादी समोर असताना त्यांनी ती नाकारली. हाताचे चुंबन घ्यायला येणाऱ्या भक्तांचा त्यांना लहानपणापासून संकोच वाटे.

१९१२ च्या जुलैमध्ये त्यांनी कलकत्त्यातून 'अल्-हिलाल' हे साप्ताहिक सुरू केले आणि चोविसाव्या वर्षी ते उर्दू जगातील एक मोठे नाव झाले. या काळातील आझाद मात्र नंतरच्या आझादांहून बरेच वेगळे आहेत, हे त्यांच्या चरित्रकारांपैकी अनेकजण भक्तिभावामुळे नीट सांगत नाहीत. 'अल्-हिलाल'ची भाषा धगधगती होती. इस्लामला गुलामी मान्य नाही, म्हणून मुसलमानांनी स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरलेच पाहिजे, हा त्यांचा मुद्दा नवा आणि धाडसी होता. परंतु राजकारणाचा प्रत्येक प्रश्न कुराणाच्या आधारे सोडवू पाहणारी ही लेखणी होती आणि तिच्या समोर मुख्यतः मुसलमान समाजच होता. सरकारने जामीन मागितला, तो जप्त केला, आणखी मोठा मागितला. १९१४ मध्ये पत्र बंद पडले. १९१६ मध्ये आझादांना बंगालमधून हद्दपार करण्यात आले. ते रांचीला गेले आणि तेथेच १९१९ अखेरपर्यंत स्थानबद्ध राहिले.

रांचीच्या एकांतात काहीतरी पालटले. तेथे त्यांनी मदरसा काढला, मशिदीत प्रवचने केली आणि कुराणाच्या भाषांतराचे काम नेटाने चालवले. १९१९ च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या जामा मशिदीत स्वामी श्रद्धानंदांचे भाषण झाले. मुसलमानेतरांना मशिदीत येऊ द्यावे काय, यावर वाद उठला, तेव्हा आझादांनी पैगंबरांच्या काळातील दाखले गोळा करून मशिदीचे दार सर्वांना मोकळे आहे असे प्रतिपादन करणारी पुस्तिका लिहिली. शास्त्राचा आधार सोडायचा नाही, परंतु शास्त्रातील उदार पदर शोधून तो लोकांपुढे ठेवायचा, ही त्यांची पद्धत येथे स्पष्ट दिसते.

पद्धत सापडली म्हणून माणूस चुकत नाही असे नाही. १९२० मध्ये सुटून येताच ते खिलाफत चळवळीत आणि गांधीजींच्या असहकारात उतरले. त्याच वर्षी ब्रिटिशांच्या राज्यातून देशांतर करणे हे मुसलमानांचे धार्मिक कर्तव्य आहे, अशा अर्थाचा फतवा त्यांनी दिला. हजारो गरीब माणसे घरेदारे विकून अफगाणिस्तानच्या वाटेला लागली. काहींचे वाटेत प्राण गेले, बाकीचे कंगाल होऊन परतले. ज्या खिलाफतीसाठी हा सारा अट्टहास झाला, ती १९२४ मध्ये खुद्द तुर्कांनीच मोडीत काढली. धर्माज्ञा राजकारणाच्या हाती दिल्या की त्यांची किंमत कोण मोजतो, याचे हे उदाहरण आहे. आझादांच्या गौरवात ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. मात्र यानंतर त्यांनी मुसलमानांच्या राजकारणाला धर्माज्ञेचा आधार देण्याचे जवळजवळ सोडले, हेही नोंदवले पाहिजे.

भाष्याची हकिगत त्यांच्या कारावासांशी गुंतलेली आहे. १९१६ मध्ये आणि पुन्हा १९२१ मध्ये पोलिसांनी झडती घेऊन हस्तलिखिते उचलून नेली. परत मिळाले ते फाटके, विस्कटलेले कागदांचे ढीग. काही वर्षे त्यांचा हात लेखनाकडे वळेना. अखेर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करून त्यांनी काम उभे केले आणि १९३० मध्ये मीरतच्या तुरुंगात प्रस्तावना लिहिली. पहिला खंड १९३१ मध्ये निघाला, दुसरा १९३६ मध्ये.

या ग्रंथाचा गाभा पहिल्या अध्यायाच्या, म्हणजे अल्-फातिहाच्या भाष्यात आहे. मूळ सूरा अवघ्या सात आयतींची. तिच्यावरील विवेचनाने मात्र एक स्वतंत्र पुस्तक भरते. ईश्वराला तेथे सर्व जगांचा रब्ब म्हटले आहे. रब्ब या शब्दाचा अर्थ आझाद मालक असा करीत नाहीत. बीजापासून पूर्णत्वापर्यंत टप्प्याटप्प्याने पोसणारा, सांभाळणारा असा करतात. अशा पालकाचा मोठा गुण दया आणि त्याचा न्यायही त्या दयेचेच रूप. तो सर्व जगांचा पालक असेल, तर कोणत्याही एका जमातीचा खासगी देव होऊ शकत नाही. येथून ते आपल्या मुख्य सिद्धांताकडे येतात. 'दीन' एक आहे: एका ईश्वराची भक्ती आणि सदाचरण. तो सर्व देशांत, सर्व प्रेषितांनी सांगितला. 'शरा', म्हणजे उपासनेचे विधी आणि व्यवहाराचे नियम, देशकालानुसार वेगवेगळे आहेत आणि तसे ते असणारच. माणसांनी चूक केली ती ही की, त्यांनी विधींनाच धर्म मानले आणि विधींवरून टोळ्या पाडल्या. आझादांच्या मते कुराणाचा झगडा इतर धर्मांशी नाही, तो या टोळीवृत्तीशी आहे. आणि मुसलमानांची टोळीही त्यातून सुटलेली नाही.

जुन्या भाष्यकारांनी कुराणावर ग्रीक तर्कशास्त्राची पुटे चढवली म्हणून आझाद त्यांच्यावर रुष्ट होते. पण त्यात आधुनिक विज्ञानाचे शोध हुडकणाऱ्या नव्यांवरही ते तेवढेच रुष्ट होते. आपल्या प्राचीन ग्रंथांत विमाने पाहणाऱ्यांचा आपल्याकडेही तोटा नाही, तेव्हा ही टीका केवळ मुसलमानांपुरती समजू नये. धर्मग्रंथ ज्या साध्या श्रोत्यांना उद्देशून बोलला, त्यांना जो अर्थ कळला तो पहिला, असा त्यांचा आग्रह होता.

उलेमांपैकी अनेकांना हे रुचले नाही. सर्व धर्मांचे सार एकच असेल तर नमाज, रोजा आणि खुद्द पैगंबरांवरील श्रद्धा यांचे काय, असा सवाल त्यांनी केला. प्रश्न चुकीचा नव्हता. विधींची आवश्यकता आपण नाकारलेली नाही, असा खुलासा आझादांना पत्रांतून करावा लागला. नवा विचार आणि जुना समाज यांना एकाच वेळी धरून ठेवू पाहणाऱ्याच्या वाट्याला असे खुलासे येतातच.

१९४० च्या मार्चमध्ये रामगढ काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आपल्या मुसलमानपणाचा तेराशे वर्षांचा वारसा आणि आपले भारतीयत्व या दोहोंचा सारख्याच अभिमानाने उच्चार केला; त्यातले काहीही सोडायला ते तयार नव्हते. काही दिवसांतच लाहोरला मुस्लिम लीगने वेगळ्या राज्यांची मागणी मंजूर केली. धर्माच्या आधारावर राष्ट्र मागणारे जिना धर्मशास्त्राच्या वाटेला कधी गेले नाहीत आणि ज्यांनी सारे आयुष्य कुराणात घालवले ते आझाद त्या मागणीचे कट्टर विरोधक. काँग्रेसने पुढे केलेला शोभेचा बाहुला, अशी जिनांनी त्यांची संभावना केली. मुसलमान जनसामान्यांनी कौल दिला तो मोठ्या संख्येने लीगला, ही आझादांच्या जीवनातील सर्वांत कडू वस्तुस्थिती होय.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत अटक झाल्यावर त्यांना नेहरू, पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव इत्यादींबरोबर अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात आणले गेले. तोवरच्या आयुष्याचा सातवा हिस्सा बंदिवासात गेल्याचा हिशेब त्यांनी येथे मांडला. रोज पहाटे तीन-चारला उठून, स्वतःच्या हाताने पांढऱ्या जाईच्या सुवासाचा चिनी चहा करून ते आपल्या मित्राला, हबीबुर रहमान खान शेरवानी यांना, पत्रे लिहीत. ती पाठवता येणार नाहीत हे ठाऊक असूनही लिहीत. 'गुबार-ए-खातिर' या नावाने ती १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांशी आधी झालेले युद्ध आणि मग जमलेली मैत्री हा त्यांतील एक विषय. ईश्वराचे अस्तित्व हा दुसरा. संगीतावरील दीर्घ पत्रात तरुणपणी आपण सतार शिकलो, हे त्या पीराच्या मुलाने सविस्तर सांगितले आहे. एप्रिल १९४३ मध्ये पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात मरण पावल्या. भेटीसाठी सरकारकडे सवलत मागण्यास त्यांनी नकार दिला होता. बातमी आली त्या दिवशीही दिनक्रम त्यांनी मोडला नाही. मात्र हा संयम किती महाग पडला, हे त्या पत्रातून लपत नाही.

फाळणीनंतर शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी केलेल्या कामाची यादी परिचित आहे: विद्यापीठ अनुदान आयोग, खरगपूरची तंत्रशिक्षण संस्था, तीन अकादम्या. त्यातील एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. धार्मिक शिक्षण शाळांतून हद्दपार केल्यास मुले ते घरी आणि गल्लीत, अडाण्यांकडून आणि संकुचितांकडून घेतील, म्हणून ते जाणकारांकरवी उदार रीतीने द्यावे, असे मत त्यांनी १९४८ च्या आरंभी केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळापुढे मांडले. राज्यघटनेने सरकारी खर्चाच्या शाळांत धार्मिक शिक्षणास मनाई केली. घटनेचा मार्ग त्या घटकेला बरोबरच होता असे आम्हांस वाटते. आझादांनी दाखवलेला धोका मात्र त्यामुळे टळला नाही.

त्यांच्यावरील खरा आक्षेप वेगळा आहे. व्यवहाराचे नियम देशकालाप्रमाणे बदलतात असे भाष्यात लिहिणाऱ्या या पंडिताने, मंत्रिमंडळात असताना, हिंदू कायद्यांची सुधारणा १९५५-५६ मध्ये होत असतानाही, मुसलमान स्त्रियांच्या विवाह आणि तलाकविषयक हक्कांसाठी पुढाकार घेतला नाही. फाळणीने हबकलेल्या समाजाला आणखी धक्का नको, असा विचार त्यामागे असावा. तो समजण्याजोगा आहे. पण त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना कोणी विचारले नव्हते. महाराष्ट्रात हमीद दलवाई १९६६ मध्ये सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा घेऊन विधानभवनावर गेले आणि १९७० मध्ये त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, ते नव्या भाष्याच्या नव्हे तर विवेकाच्या आणि घटनेच्या आधारावर. पुढे १९८५ चा शाहबानो निकाल, त्यावर पाणी फिरवणारा १९८६ चा कायदा आणि एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल अशी वळणे आली. या अखेरच्या निकालात बहुमतातील एका न्यायमूर्तींनी अशा तलाकला कुराणाचा आधार आहे काय, हाच प्रश्न मध्यवर्ती मानला. मूळ शिकवण कोणती आणि काळाने चढवलेला थर कोणता, ही आझादांनी केलेली निवड अशा रीतीने न्यायासनापुढे आली.

२२ फेब्रुवारी १९५८ रोजी दिल्लीत आझादांचे निधन झाले. जामा मशिदीजवळ त्यांचे दफन झाले. १९९२ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. मृत्यूनंतर तिसऱ्या खंडाचे पूर्ण हस्तलिखित मिळाले नाही. गुलाम रसूल मेहर यांनी इतरत्र विखुरलेली त्यांची आयतींची भाषांतरे वेचून एक संग्रह केला, तेवढेच. १९३६ चा दुसरा खंड तेविसाव्या सूरेपाशी थांबतो. कुराणात सूरा ११४ आहेत.