अंगणवाडी वस्तीत का गेली?

अंगणवाडी म्हटले की आपल्या माणसांना खिचडी आठवते, वजनकाटा आठवतो. ती शाळा आहे, याचा विसर पडला आहे. म्हणून ताराबाई मोडक यांचे जीवन पुन्हा एकदा समजून घेतले पाहिजे.

ताराबाईंचा जन्म 1892 मध्ये मुंबईत, प्रार्थना समाजाच्या सुधारकी घरात झाला. त्या पदवीधर झाल्या आणि लग्नानंतर आपल्या विदर्भात, अमरावतीला आल्या. संसार टिकला नाही. त्या काळात त्यांनी घटस्फोट घेतला, राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या आणि लेकीला घेऊन स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम सुरू केले. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

पण माँटेसरीची महागडी साधने श्रीमंतांच्याच मुलांना परवडत होती. हे शिक्षण खेड्यात न्यायचे म्हणून 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. बालवाडी सुरू झाली, पण अस्पृश्य मानलेल्या वस्तीतली मुले तिथे येईनात. दुसऱ्या कुणी पालकांना दोष दिला असता. ताराबाईंनी शाळाच उचलून वस्तीत नेली आणि अंगणात भरवली. तीच अंगणवाडी! म्हणजे या देशातील अंगणवाडीचा जन्म आपल्या वस्तीच्या अंगणात झाला आहे, हे लक्षात ठेवा.

तिथे मुलांना आंघोळ घातली जाई, नखे कापली जात, गाणी-गोष्टी होत. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने. मूल मोजायला शिके, रंग-आकार ओळखे, हाताची बोटे वळवायला शिके, चार मुलांत मिसळे, न घाबरता बोले. सहा वर्षांपर्यंत मुलाने साधायचे ते हेच. पाटीवर बाराखडी गिरवून घेणे म्हणजे बालशिक्षण नव्हे. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र असलेली विकासवाडी उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. 1962 मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. 1973 मध्ये त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना 33 प्रकल्पांत सुरू केली. अंगणवाडी देशभर पोचली. पण शिक्षण मागे पडले आणि आहार तेवढा उरला.

आता यवतमाळ जिल्ह्याकडे पाहा. झरी-जामणी, मारेगाव, केळापूरच्या कोलाम पोडांवरचे मूल घरी कोलामी बोलते, तांड्यावरचे मूल गोरमाटी बोलते. अंगणवाडीत कानावर पडते ती पुस्तकी मराठी. ते मूल गप्प बसते आणि आपण त्याला मठ्ठ ठरवतो. कापूस वेचणीच्या दिवसांत आई पहाटेच वावरात जाते, तान्हे भावंड थोरल्या बहिणीच्या कडेवर येते आणि तिची शाळा सुटते. पाळणाघर आणि बालवाडी एकाच छताखाली का हवी, याचे उत्तर या कडेवरच्या ओझ्यात आहे. साधनांना पैसा नाही ही सबब चालणार नाही. सरकी, तुरीचे दाणे, चिंचोके, पळसाची पाने प्रत्येक गावात आहेत.

प्रश्न हक्काचा आहे. घटनेच्या मूळ 45 व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतची सर्व बालके होती. संविधान सभेत ही मर्यादा अकरा वर्षांवर आणण्याची सूचना आली तेव्हा बाबासाहेबांनी ती फेटाळली. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात कामाला ठेवता येत नसेल, तर तेवढी वर्षे त्याला शिक्षण मिळालेच पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने मात्र सहा ते चौदा वयालाच मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालची बालके मार्गदर्शक तत्त्वांतच राहिली. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांपासूनच्या शिक्षणाचे महत्त्व मान्य केले, पण हक्क दिला नाही. पैसेवाल्यांची मुले तिसऱ्या वर्षी नर्सरीत जातात. आमची मुले पहिलीत येतात तेव्हाच तीन वर्षे मागे असतात. ही विषमता आहे.

म्हणून प्रत्येक वस्तीतल्या कार्यकर्त्याने आठवड्यातून एकदा अंगणवाडीत जाऊन बसावे. खिचडी शिजली का हे विचाराच, पण आज मुले काय शिकली हेही विचारा. सेविकेला जाब विचारण्याआधी तिच्या मानधनासाठी तिच्यासोबत उभे राहा. शिका हा बाबासाहेबांचा पहिला आदेश आहे आणि तो पहिलीपासून नव्हे, अंगणापासून सुरू होतो.